खालची कवळी जेवताना उचलते

प्रश्न : वय 68. वरची कवळी घट्ट बसते, खालची घासागणिक उचलते. मटण सुटलंच. सगळे दात इम्प्लांटचे बसवावेत का?
– एक वाचक, शाहूपुरी, कोल्हापूर

उत्तर : सगळे कशाला? वरच्या कवळीला टाळूचा आधार असतो. खालचीला जीभ सतत ढकलते, हाडही झिजलेलं असतं. 2002 मध्ये कॅनडातल्या मॅकगिल विद्यापीठात तज्ज्ञांनी चाचण्यांचे निष्कर्ष तपासून सुचवलं : खालच्या जबड्यात पुढे दोन इम्प्लांट आणि त्यांवर टिचबटणासारखी अडकणारी कवळी. मलाही तेच पटतं. चावणं सुधारतं, पण सुरुवात तांबड्या रश्श्यानं करा, नळी नंतर! अडकवायच्या कड्या झिजतात, त्या बदलाव्या लागतात. मधुमेह किंवा तंबाखू असेल तर डॉक्टरांपासून लपवू नका. न्यू पारगावच्या तात्यासाहेब कोरे दंत महाविद्यालयातही चौकशी करून पाहा.