चाकांवरचे घर

मुलांनो, 'कारवाँ' हा शब्द तुम्हांला नवा नाही. उर्दूच्या पुस्तकात तो तुम्ही अनेकदा वाचला आहे. तो वाचला की वाळवंटातून चाललेली उंटांची रांग डोळ्यांसमोर येते. हा फारसी शब्द प्रवास करीत युरोपात गेला. तेथे त्याचा अर्थ बदलत बदलत 'चाकांवरचे घर' असा झाला. आता तोच शब्द 'कॅराव्हॅन' असे नाव घेऊन आपल्याकडे परत आला आहे. २०२१ मध्ये महाराष्ट्र शासनाने कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरणही जाहीर केले.

ज्या गाडीत झोपायला पलंग, स्वयंपाकाला ओटा, पिण्याचे पाणी आणि दिवाबत्ती असते, ती कॅराव्हॅन. नवी तयार गाडी घेणे सामान्य माणसाला परवडत नाही. म्हणून काही हौशी माणसे जुनी छोटी बस विकत घेतात आणि तिचेच घर करतात. आमच्या चाचांनी तेच केले. त्या गाडीची हकीकत मी तुम्हांला सांगणार आहे.

आमचे गाव लोधिवली. पनवेलहून खोपोलीकडे जाणाऱ्या जुन्या मुंबई-पुणे रस्त्यावर ते आहे. दिवसरात्र गाड्यांचा आवाज कानांवर पडतो. अशा गावातल्या माणसाला गाडीचे वेड लागले तर नवल नाही. चाचांनी घेतलेली छोटी बस पंधरा वर्षांहून जुनी होती. ती दारात उभी राहिली त्या दिवशी आम्ही सारे तिच्याभोवती फिरलो. कोणी पडद्यांचा रंग सुचविला, कोणी गाद्यांचा. सुताराने प्लायवुडचे मोठे कपाट करून दिले. छतावर दोनशे लिटरची पाण्याची टाकी बसविली. चाची म्हणाली, "हे तर माझ्या स्वयंपाकघरापेक्षा छान झाले!" गाडीखाली वाकून कोणी पाहिले नाही. मीही नाही.

पहिली सहल लोणावळ्याची झाली. जाताना काही त्रास झाला नाही. परत येताना मात्र बोरघाटात जे घडले, ते मी विसरू शकत नाही. या घाटातून गाडीरस्ता खुला झाला तो १८३० मध्ये. तेव्हापासून हा उतार गाडीवानांची परीक्षा पाहत आला आहे. आम्ही अर्धा घाट उतरलो असू. जळल्यासारखा वास येऊ लागला. चाचांनी पुढच्या वळणाआधी ब्रेकवर पाय दिला, तर पेडल मऊ लोण्यासारखे खाली गेले. गाडीचा वेग कमी होईना. आत चाची होती, चार मुले होती. चाचांनी घाईने खालचा गिअर टाकला, हँडब्रेक हळूहळू ओढला आणि गाडी डोंगराच्या बाजूला घासत घासत उभी केली. थोडा वेळ कोणीच बोलले नाही.

अर्ध्या तासाने चाचांनी पुन्हा पेडल दाबून पाहिले. ते घट्ट लागले! ब्रेक परत आला होता. हे कसे झाले? तुम्ही विज्ञान शिकता. पुढे वाचण्यापूर्वी क्षणभर विचार करा.

दुसऱ्या दिवशी नाक्यावरच्या मिस्त्रींना गाडी दाखविली. (जाता जाता सांगतो, 'मिस्त्री' हा शब्द पोर्तुगीज भाषेतून आला आहे, आणि आपण ज्याला उर्दूत 'मरम्मत' म्हणतो, त्याला मराठीत 'दुरुस्ती' म्हणतात. 'दुरुस्त' हा शब्द फारसीच आहे. गॅरेजमध्ये किती भाषा एकत्र नांदतात, पाहा!) मिस्त्रींनी बाटलीत थोडे ब्रेक ऑइल काढले. ते चहासारखे काळपट दिसत होते.

"चाचा, हे कधी बदलले होते?" त्यांनी विचारले.

चाचांनी माझ्याकडे पाहिले. मी आकाशाकडे पाहिले.

मग मिस्त्रींनी समजावून सांगितले. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा शोषून घेते. तुमच्या विज्ञानाच्या पुस्तकात ज्याला 'नुक़्ता-ए-जोश' म्हणतात, त्याला मराठीत 'उत्कलनबिंदू' म्हणतात. साध्या, म्हणजे डॉट-३ प्रकारच्या नव्या ब्रेक ऑइलचा उत्कलनबिंदू निदान २०५ अंश सेल्सिअस असतो. ओलावा मुरल्यावर तो १४० अंशांपर्यंत खाली येऊ शकतो. घाट उतरताना सतत ब्रेक दाबला की चाकांजवळ भयंकर उष्णता निर्माण होते. ऑइल उकळते व त्यात वाफेचे बुडबुडे होतात. द्रव दाबला जात नाही, पण वाफ दाबली जाते. पायाचा सारा जोर बुडबुडे दाबण्यात जातो आणि चाकांपर्यंत पोहोचतच नाही. गाडी थंड झाली, वाफेचा पुन्हा द्रव झाला आणि ब्रेक परत आला. म्हणून हे ऑइल साधारण दर दोन वर्षांनी बदलावे लागते. आणि उतारावर गाडी आधीच खालच्या गिअरमध्ये ठेवावी लागते, म्हणजे इंजिनच तिला अडवून धरते आणि ब्रेकवर सारा भार पडत नाही.

"पण एवढा भार आला कोठून?" मिस्त्रींनी विचारले. त्यांनी गाडी वजनकाट्यावर पाठविली. आर. सी. बुकात लिहिलेल्या कमाल वजनापेक्षा ती सुमारे साडेतीनशे किलो जास्त भरली. एक लिटर पाण्याचे वजन एक किलो. टाकीतल्या पाण्याचेच दोनशे किलो झाले. म्हणजे तीन धष्टपुष्ट माणसे कायमची छतावर बसविल्यासारखेच ते होते. शिवाय वजन जितके उंच, तितकी वळणावर गाडी कलंडण्याची भीती अधिक. प्लायवुडचे कपाट, लोखंडी पलंग, जाड काचा हे वेगळेच.

येथे मला एक गोष्ट स्पष्ट सांगावीशी वाटते. अशी गाडी म्हणजे एकाच वेळी घर असते आणि वाहनही असते, आणि या दोघांचे आपसात फारसे पटत नाही. घराला जाड लाकूड हवे, भरपूर पाणी हवे, मोठ्या खिडक्या हव्यात. वाहनाला यातले काहीच नको असते. आम्ही घराचे लाड केले आणि वाहनाला विसरलो.

मिस्त्रींनी सारे सामान बाहेर काढायला लावले. चाचीला वाईट वाटले. मग गाडी उचलून खालून पाहिली. आपल्या कर्जत-खालापूर भागात पाऊस किती पडतो, हे तुम्हांला सांगायला नको. चिखल चेसिसला चिकटतो, त्यात ओल टिकून राहते आणि लोखंड गंजते. मिस्त्री लहान हातोडीने टक् टक् करीत पुढे सरकले. चांगले लोखंड खणखणीत वाजते. एका ठिकाणी आवाज बसका आला. तेथे बोटभर पोपडा गळून पडला. तेवढा भाग कापून नवे लोखंड जोडावे लागले. बाकीचा गंज तारेच्या ब्रशने घासून त्यावर रेड ऑक्साइड आणि रंग दिला. मागचे पाटे सपाट झाले होते, तेही बदलले.

टायरांची नक्षी चांगली दिसत होती. तरी मिस्त्रींनी टायरच्या बाजूवरचे चार आकडे वाचायला सांगितले. तुम्हीही एखाद्या उभ्या गाडीचे वाचून पाहा. २३१५ असे लिहिले असेल तर तो टायर २०१५ सालच्या तेविसाव्या आठवड्यात तयार झाला. रबर न वापरताही म्हातारे होते, त्याला बारीक चिरा पडतात. आमचे दोन टायर असेच निघाले.

छताची तपासणी मुलांना फार आवडली. एकाने वरून नळीने पाणी सोडले, बाकीचे आत खडू घेऊन बसले. जेथे थेंब दिसेल तेथे खूण करायची. पण यात एक गंमत आहे. पाणी एका सांध्यातून आत शिरते आणि पत्र्याखालून वाहत दुसरीकडेच टपकते. त्यामुळे खुणेच्या वर नेमके भोक सापडेलच असे नाही. छताचे सारे सांधे खरवडून नवे सीलंट भरावे लागले.

यानंतर सुधारणांची पाळी आली. टाकी साठ लिटरची केली आणि खाली, दोन्ही चाकांच्या मध्ये बसविली. छत मोकळे झाले, तेथे १०० वॅटचा सौरपट लावला. घरासाठी वेगळी बॅटरी घेतली, म्हणजे रात्री पंखा चालला तरी सकाळी गाडी सुरू होईल. चाचांच्या मुलाला एअर कंडिशनर हवा होता. मी त्याला हिशेब करायला बसविले. १२ व्होल्ट, १०० अँपिअर-तासांची बॅटरी म्हणजे १२०० वॅट-तास. अशा साध्या बॅटरीतली निम्मीच वीज वापरावी, म्हणजे उरले ६००. वीस वॅटचा पंखा आणि पाच-पाच वॅटचे दोन दिवे यांवर २० तास चालतील. दीड हजार वॅटचा एअर कंडिशनर चालेल २४ मिनिटे. त्याने वही मिटली.

तारांच्या बाबतीतही आम्ही चुकलो होतो. घरातल्या दिव्यांची बारीक वायर गाडीत वापरली होती. घरी २३० व्होल्टवर १२० वॅटच्या उपकरणातून सुमारे अर्धा अँपिअर प्रवाह जातो. गाडीत १२ व्होल्टवर तेवढ्याच कामाला दहा अँपिअर लागतात. बारीक तार तापते, वितळते आणि आग लागते. म्हणून जाड तार आणि बॅटरीच्या अगदी जवळ फ्यूज हवा.

गॅसचा धोका याहून मोठा. स्वयंपाकाचा गॅस हवेपेक्षा जड असतो. तो गळला तर वर जात नाही, जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडरच्या पेटीला तळाशी भोक ठेवले, ते थेट बाहेर उघडते. दारे-खिडक्या बंद करून शेगडी पेटती ठेवून कधीही झोपू नये. कार्बन मोनॉक्साइडला ना रंग, ना वास.

आणखी एक काम राहिले होते, आणि ते खरे तर सर्वांत आधी करायला हवे होते. मोटार वाहन कायदा, १९८८ याच्या कलम ५२ नुसार गाडीच्या मूळ रचनेत मनाप्रमाणे बदल करता येत नाही. आर. टी. ओ.ची परवानगी आणि आर. सी. बुकात नोंद लागते. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी ती वाढवून मिळते. आम्ही हे सारे उशिरा केले. त्यामुळे हेलपाटे पडले, पण त्यात चूक आमचीच होती.

जत्रांतून तंबूत सिनेमा दाखविणाऱ्या टुरिंग टॉकीजच्या लोकांना हे शहाणपण पिढ्यान् पिढ्या माहीत आहे. त्यांचा जुना ट्रक म्हणजे प्रोजेक्टरची खोली आणि महिनोन्महिने फिरता संसार. २०१६ साली कान येथील महोत्सवात दाखविलेल्या 'द सिनेमा ट्रॅव्हलर्स' या माहितीपटात हे जग पाहायला मिळते. रिळांचे यंत्र जाऊन डिजिटल यंत्र आले, तरी ते आणणारा ट्रक गावी पोहोचला पाहिजे, नाहीतर खेळ कसला?

चाचीचे मोठे कपाट पुन्हा गाडीत गेले नाही. ते घरातच आहे, त्यात आता माझी पुस्तके असतात. गाडी बोरघाट तीनदा चढली आणि उतरली. दर वेळी निघण्यापूर्वी चाचा जमिनीवर गोणपाट टाकून तिच्याखाली शिरतात. यंदा पहिल्या पावसात खिडकीजवळ एक नवा थेंब दिसला. धाकट्याने लगेच खडूची खूण केली. हे लिहीत असताना चाचा शिडी लावून छतावर चढले आहेत आणि खालून चाची विचारते आहे, "सापडले का?"