पोट न उघडता मोठा पॉलिप निघतो?

प्रश्न : माझे वय ६१. कोलोनोस्कोपीत मोठ्या आतड्यात ३ सेंटिमीटरचा पॉलिप सापडला. बायोप्सीत कॅन्सर नाही. तरी आतड्याचा भाग कापावाच लागेल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर : घाबरू नका. पॉलिप मोठा म्हणजे ऑपरेशन अटळ, असे नाही. कॅन्सर नसलेले बहुतेक मोठे पॉलिप दुर्बिणीतूनच निघतात. पॉलिपखाली सलाइन टोचून तो फुगवून वर उचलतात, मग तारेच्या फासात धरून तुकड्यातुकड्यांनी कापतात. हे ‘ईएमआर’. कॅन्सरची शंका असेल तर ‘ईएसडी’ने तो अखंड सोलून काढतात, त्याला वेळ आणि कसब जास्त लागते. म्हणून अशी कामे नेहमी करणाऱ्या गॅस्ट्रोएन्टरॉलॉजिस्टचे मत आधी घ्याच.

पॉलिप काढल्यावर रक्तस्राव दोन आठवड्यांपर्यंत होऊ शकतो. आतड्याला छिद्र क्वचितच पडते, बहुधा क्लिपने तिथेच बुजवतात. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. बायोप्सी हा लहानसा नमुना असतो. पूर्ण पॉलिपच्या तपासणीत खोलवर कॅन्सर आढळला, तर शस्त्रक्रियेचा विचार होतो.

साधारण ६ महिन्यांनी पुन्हा कोलोनोस्कोपी करावी लागते. तेवढी चुकवू नका.