उंबरठ्यावरची साखर आणि पायांच्या मुंग्या

तळपायांना मुंग्या येतात, विसर पडतो, कामात लक्ष लागत नाही. उपाशीपोटीची रक्तशर्करा मात्र दर डेसिलिटरला १०० ते १२५ मिलिग्रॅम, म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. अशा वेळी सारा दोष साखरेला देऊन थांबणे योग्य नव्हे. एवढी साखरही मज्जातंतूंना इजा करू शकते, हे खरे. परंतु ब-१२ जीवनसत्त्वाच्या उणिवेचीही हीच लक्षणे असतात. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयाने १९९३ पासून नजीकच्या सहा खेड्यांत केलेल्या अभ्यासात निम्म्याहून अधिक गर्भवतींत ही उणीव आढळली.

हे जीवनसत्त्व दूध, अंडी, मासे, मांस यांतून मिळते. भाजीभाकरीत ते नसते. साखरेसाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेतल्यानेही ते घटते. उणीव वेळीच भरून काढल्यास बहुधा आराम पडतो. विलंब झाल्यास इजा कायमची होण्याचा धोका असतो.

म्हणून शिक्षक व पंचायत सदस्यांनी अशा ग्रामस्थांस प्रथम प्राथमिक आरोग्य केंद्रात पाठवावे. छत्रपती संभाजीनगर परिसरातील रुग्णांस गरजेनुसार घाटी रुग्णालयाचा मार्ग दाखवावा. साखरेबरोबरच ब-१२ व थायरॉइडच्या तपासणीविषयी डॉक्टरांना अवश्य विचारावे, असेही त्यांस सांगावे.