पहिला पुल-अप निघत नसेल तर : जुन्या ट्यूबचा आणि पाण्याच्या कॅनचा आधार

आम्ही वस्त्यांमध्ये आरोग्य शिबिरे घेतो, तेव्हा भरतीची तयारी करणारी मुले हमखास खांदा किंवा कोपर धरून येतात. धावण्यात तयार असतात, जोर-बैठका काढतात, पण बारला लटकले की अडकतात. अग्निवीर जनरल ड्यूटीच्या शारीरिक चाचणीत १० पुल-अपला ४० गुण आहेत, ६ निघाले तर १६. सहासुद्धा निघाले नाहीत तर मुलगा बाद. या धास्तीने मुले पाय झाडत, झटके देत वर जायला बघतात. त्याने ताकद वाढत नाही, सांधा मात्र दुखावतो.

६० किलोच्या मुलाला ६० किलो उचलता येत नसतील, तर त्याने आधी ४५ उचलावेत, मग ४६, मग ४७. जिममध्ये यासाठी यंत्र असते. आपल्याला ते घरच्या वस्तूंत बसवता येते.

पण आधी बार. पत्र्याच्या घराचा अँगल, नळाचा पाइप, सज्जा, दाराची चौकट यांना लटकू नये. चार इंची विटांच्या भिंतीत बोल्ट ठोकून बार लावला तर तो विटेसकट निघून येऊ शकतो. माणूस पाठीवर पडला तर मणक्याचा प्रश्न आहे, आणि मग कसली भरती! विहाराच्या किंवा समाजमंदिराच्या मोकळ्या जागेत, कमिटीला विचारून, विजेच्या तारांपासून लांब, २ इंची जीआय पाइपचे दोन खांब उभे करावेत. दोन फूट खोल खड्डा, त्यात काँक्रीट. वर सव्वा इंची जाड पाइप, ५ फूट लांब, वेल्डिंगवाल्याकडून पक्का करून घ्यावा. गंजलेला भंगार पाइप नको. काँक्रीटला आठ दिवस पाणी मारावे, तोवर कोणी हात लावू नये. मग दोन मोठ्या माणसांनी एकदम लटकून पाहावे. खांब हलला तर पुन्हा काम करावे लागेल. वर्गणी काढून केले तर खर्च कोणा एकावर पडत नाही.

आता ट्यूब. पंक्चरवाल्याकडे सायकलच्या जुन्या ट्यूब असतात. ट्यूब कापू नये, गोलच ठेवावी. बारवरून टाकून तिच्याच फासातून ओढून घ्यावी, खाली लोंबणाऱ्या भागात गुडघा अडकवावा. गुडघ्याखाली जुने कापड, आणि व्हॉल्व्ह वर बारजवळ राहील असा. सुरुवातीला दोन-तीन ट्यूब एकत्र लावाव्यात, ताकद वाढली की एकेक काढावी. पॅच लावलेली किंवा ताणल्यावर बारीक चिरा दिसणारी ट्यूब घेऊ नये. स्टुलावर उभे राहूनच चढावे-उतरावे आणि गुडघा काढताना ट्यूब हाताने धरून ठेवावी, नाहीतर ती थेट तोंडावर येते. आम्ही डोळ्याच्या बाबतीत फार कडक आहोत.

ट्यूबची एक खोट आहे. खाली ती जास्त ताणलेली असते म्हणून आधार जास्त, वर गेल्यावर कमी. म्हणजे हनुवटी बारवर नेण्याचा अवघड भाग तसाच राहतो. आम्हाला यापेक्षा पाण्याचा कॅन बरा वाटतो. बारच्या पुढच्या बाजूला दोन कड्या वेल्ड करून घ्याव्यात, एक मधोमध, दुसरी खांबाजवळ. दोन्हींत विहिरीवरची असते तशी लोखंडी कप्पी. मजबूत नायलॉन दोरी दोन्ही कप्प्यांवरून न्यावी. मधल्या टोकाला गुडघ्यासाठी कापड गुंडाळलेला फास, खांबाजवळच्या टोकाला गोणीत ठेवलेले तेलाचे ५ लिटरचे तीन कॅन, पाणी भरून. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो, म्हणून साधारण १५ किलोचा आधार मिळतो, आणि तो खालपासून वरपर्यंत सारखा. दर आठवड्याला लोटाभर पाणी कमी करायचे. किती प्रगती झाली हे वहीत लिहिता येते. गोणीखाली लहान मुले येऊ देऊ नयेत. गुडघा निसटला की ती आदळते.

एक दिवसाआड, पाच-सहाचे तीन फेरे पुरेत. वर जाण्यापेक्षा खाली येणे सावकाश, मनात चार मोजत. कोपराच्या आत दुखू लागले तर आठवडाभर थांबावे. मुलींनीही करावे, पाळीतही, त्रास होत नसेल तर.

एक गोष्ट मात्र विसरू नका. विदर्भातल्या आपल्या समाजात सिकलसेल बऱ्याच घरांत आहे. भरतीची तयारी सुरू करण्याआधी प्राथमिक आरोग्य केंद्रात सिकलसेलची तपासणी करून घ्यावी. एसएस असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय असा व्यायाम नको. एएस म्हणजे वाहक असेल तर व्यायाम करता येतो, पण उन्हात, पाणी न पिता, एका दमात शरीर ताणल्याने वाहक मुले कोसळल्याची उदाहरणे आहेत. वाहकाने दोन फेऱ्यांमध्ये विश्रांती घ्यावी, पाणी पीत राहावे, तापात किंवा जुलाबात व्यायाम टाळावा. व्यायामानंतर अंग लाकडासारखे झाले, स्नायू असह्य दुखू लागले किंवा लघवी काळ्या चहासारखी झाली, तर झोपून राहू नये. लगेच दवाखाना गाठावा आणि दारातच सांगावे की मुलगा सिकलसेल वाहक आहे.