एका पेटीतील सारा बँड

तुमच्या गावातील एखादी लग्नाची वरात डोळ्यांसमोर आणा. वरातीत एक तरी पाहुणा असा निघतोच, की जो हातरुमालाचे टोक दातांत धरून बँडवाल्यांपुढे उभा राहतो आणि 'नागीण' वाजवायला लावतो. ही धून १९५४ सालच्या 'नागिन' या हिंदी चित्रपटातील. ऐकणाऱ्याला ती गारुड्याच्या पुंगीची वाटते. पण तो आवाज पुंगीतून निघालेला नव्हता. कल्याणजी वीरजी शहा यांनी तो क्लॅव्हिओलिन नावाच्या, विजेवर चालणाऱ्या वाद्यावर काढला होता. कॉन्स्टंट मार्टिन या फ्रेंच गृहस्थाने हे वाद्य १९४७ मध्ये बनविले. त्यात फुंकर नाही, तार नाही, कातडे नाही. आहेत ती केवळ विद्युत मंडले.

आमच्या बुलढाणा जिल्ह्यात चिखलीला जा, मेहकरला जा, नाहीतर खामगावला. बँडच्या गाड्यावर आज त्याच क्लॅव्हिओलिनचे वंशज दिसते. कंपनी कोणतीही असो, लोक त्याला 'कॅसिओ' म्हणतात. माझ्या वर्गातील एका मुलाचे वडील अशाच एका बँडमध्ये क्लॅरोनेट वाजवतात. तुळशीच्या लग्नापासून आषाढापर्यंत ज्या सुपाऱ्या मिळाल्या, त्यांतून घरखर्च जाऊन उरलेल्या पैशांत त्यांना एक कीबोर्ड घ्यायचा होता. चातुर्मासात लग्ने नसतात. गणपती आणि नवरात्र सोडले तर वादकाचे हात रिकामेच. तेव्हा खरेदी फसली तर ती पुढच्या हंगामापर्यंत निस्तरायची नाही. मुलाने मला विचारले, "सर, पाचशे आवाजांचा घ्यावा, की आवाज थोडे पण डाव्या हाताला चाक असलेला?" प्रश्न बाजारातला खरा, पण त्याचे उत्तर शोधायला ध्वनिशास्त्रातच शिरावे लागते.

पांढरी सहा हा स्वर घ्या. तो कोणत्याही वाद्यावर वाजवा, हवेची सेकंदाला ४४० कंपने होणार. मग क्लॅरोनेट कोणते आणि ट्रम्पेट कोणता, हे डोळे मिटूनही आपल्याला कसे कळते? कारण वाद्यातून एकटा ४४०चा स्वर कधीच निघत नाही. त्याच्याबरोबर दुपटीचा ८८०, तिपटीचा १३२०, चौपटीचा १७६० असे पुष्कळ स्वर बारीक आवाजात उमटत असतात. यांना संनादी स्वर म्हणतात. कोणत्या वाद्यात कोणता संनादी किती जोरकस, यावर त्या वाद्याचा ध्वनिगुण ठरतो. क्लॅरोनेटची नळी सरळ आणि पत्तीच्या बाजूने बंद. त्यामुळे तिच्या खालच्या स्वरांत तिप्पट, पाचपट असे विषम संनादीच प्रामुख्याने असतात. (ट्रम्पेटही ओठांनी एका बाजूला बंदच होतो. मग त्यात सम संनादी कोठून आले? ही किमया त्याच्या कर्ण्यासारख्या पसरट तोंडाची आणि मुखनळीच्या आकाराची.)

आता गंमत पाहा. एखाद्या मंडलातील विद्युतदाब ठरावीक वेगाने नुसता चालू-बंद, चालू-बंद केला, तर जी चौकोनी लहर मिळते तिच्यातही फक्त विषम संनादी असतात! म्हणून ती ध्वनिवर्धकातून ऐकली तर क्लॅरोनेटची आठवण होते. करवतीच्या दातांसारखी लहर घेतली तर तिच्यात सारे संनादी सापडतात. त्यांतले नको ते गाळून टाकले की ट्रम्पेटजवळ जाता येते. असे आवाज जुळवणारे यंत्र म्हणजे सिंथेसायझर. अमेरिकेतील रॉबर्ट मूग यांनी १९६४ मध्ये त्याला उपयुक्त रूप दिले, आणि त्यांच्या कंपनीचा सुटसुटीत 'मिनीमूग' १९७० साली आला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात तो वाजवणाऱ्या पहिल्या वादकांत केर्सी लॉर्ड यांचे नाव येते.

परंतु संनादी जुळले म्हणजे वाद्य जुळले असे नाही. स्वर कसा उठतो आणि कसा विरतो, हेही कान टिपत असतो. तुम्हीच प्रयोग करा. घरातल्या घंटेचा टोल मोबाइलवर मुद्रित करा आणि तो उलट्या दिशेने ऐका. संनादी तेच, पण घंटा ओळखू येत नाही. म्हणून आजचे कीबोर्ड बहुधा खऱ्या वाद्याचा स्वर मुद्रित करून स्मृतीत ठेवतात. मुद्रण करताना सेकंदाला ४४,१०० वेळा दाब मोजला आणि प्रत्येक मोजमापाला २ बाइट दिले, तर एका मिनिटाला सुमारे ५३ लाख बाइट लागतात. स्वस्तातल्या पेटीत स्मृती थोडी. तेव्हा तिच्यावरचे पाचशे आवाज म्हणजे पाचशे वाद्ये नव्हेत. मोजक्या नमुन्यांना दिलेले वेगवेगळे मुलामे त्यांत बरेच असतात. दुकानात आकडा वाचून हुरळू नये.

आणि आपल्या संगीताची खरी अडचण तर पुढेच आहे. कीबोर्डवर एका सप्तकाच्या १२ सारख्या पायऱ्या असतात. प्रत्येक पायरी आधीच्या स्वराच्या सुमारे १.०५९ पट. सनईवाला मात्र पायऱ्या चढत नाही, तो उतारावरून घसरत यावा तसा एका स्वरावरून दुसऱ्यावर येतो. ही मींड पट्ट्यांवर नाही. ती आणायची ती त्या डाव्या हाताच्या चाकाने. चाक फिरले की कंप्रता अखंड बदलत जाते. मुंबईचे चरणजीत सिंग चित्रपटांच्या वाद्यवृंदांत वाजवत आणि लग्नसमारंभांतही. त्यांनी १९८२ मध्ये दहा राग सिंथेसायझरवर, डिस्कोच्या ठेक्यात बसवून तबकडी काढली. स्वरावरून स्वरावर घसरत जाण्याची सोय त्या यंत्रांत होती, म्हणूनच हे जमले. तबकडी तेव्हा फारशी खपली नाही. २०१० मध्ये पुन्हा निघाली आणि जगभर गाजली.

पायऱ्यांचा आणखी एक दोष. षड्ज २४० कंपनांचा धरला तर शुद्ध गंधार ३०० येतो. कीबोर्डचा गंधार ३०२.४! तंबोऱ्याचा गंधार आणि हा एकदम वाजले तर सेकंदाला सुमारे अडीच वेळा आवाज फुगतो आणि ओसरतो. काही कीबोर्डांत प्रत्येक स्वर किंचित खालीवर करता येतो. माझ्या मते शंभर जादा आवाजांपेक्षा ही सोय मोलाची.

म्हणून त्या मुलाला मी सांगितले : चाक हवे, आणि पट्टी जोराने दाबली तर स्वर मोठा, हळू दाबली तर लहान असे व्हायला हवे. एका वेळी किती स्वर निघतात तेही पाहा, कारण ढोल-ताशाचा आपोआप वाजणारा ठेकाही त्यातच मोजला जातो. मर्यादा ओलांडली की आधीचा स्वर मध्येच तुटतो. दुकानात हेडफोन लावून भुलू नका. वरातीत आवाज भोंग्यातून जाणार, आणि भोंगे खर्जाचे स्वर नीट देत नाहीत. ॲडॉप्टर मात्र पेटीखालच्या पट्टीवरील दाब आणि खुणा वाचूनच लावावा; पिनेचे आतले टोक कोठे धन असते, कोठे ऋण. उलटे लागले तर हंगामाची कमाई क्षणात जळू शकते.

त्यांनी चाकाचा, वापरलेला कीबोर्ड घेतला. युफोनियम वाजवणाऱ्या काकांची जागा त्याने घेतली, हेही सांगितले पाहिजे. ते आता गाडा ओढतात. क्लॅरोनेट मात्र टिकले. आणि पहिल्याच मे महिन्यात दोघांचे बिनसले : क्लॅरोनेट चढे, कीबोर्ड जागचा हलेना. कारण सोपे आहे. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला ३४३ मीटर, ४० अंशांना सुमारे ३५५. नळीची लांबी तीच, म्हणून कंप्रता त्याच प्रमाणात वाढते. केवळ गणिताने ४४०चे सुमारे ४५५ व्हावेत. वादकाच्या श्वासाने नळीतील हवा आधीच थोडी गरम असते, त्यामुळे प्रत्यक्ष फरक कमी पडतो. वडिलांनी क्लॅरोनेटचा वरचा सांधा किंचित बाहेर ओढून नळी लांब केली, मुलाने कीबोर्डच्या ट्यूनिंगचा आकडा वाढवला, आणि मध्ये कोठेतरी दोघे भेटले. समजा, नळीतील हवा ३० अंशांवरून ३६ अंशांवर गेली. ४४०चा स्वर किती चढेल? ध्वनीचा वेग निरपेक्ष तापमानाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो, एवढे ध्यानात ठेवून आकडा काढून पाहा.