पानपिंपळीची वेल माना टाकतेय? आधी पाणी तोडा

आठवडाभराची झड उघडली की अंजनगाव सुर्जी आणि अकोटकडून एकच तक्रार यायला लागते. पानपिंपळीची वेल माना टाकते आहे, औषध सांगा. औषध सांगतो, पण त्याआधी मळ्याचं पाणी तोडा. ठिबक बंद, पाट बंद, आणि जिथे पावसाचं पाणी तुंबलंय तिथून ते आजच्या आज बाहेर काढा. एवढं होणार नसेल तर पुढचं वाचण्यात वेळ घालवू नका.

बेणं कसं निवडायचं, आधाराला पांगारा लावायचा की हेटा, हे इथल्या बारी मंडळींना मी सांगावं असं काही नाही. पिढ्यान्‌पिढ्या पान आणि पिंपळी जगवणारी ही घरं आहेत. तरी याच जाणत्या मळ्यांत दर पावसाळ्यात तेच घडतं. दुपारी वेल लोंबलेली दिसते आणि हात पंपाच्या बटणाकडे जातो. विचारलं की उत्तर ठरलेलं: ‘साहेब, येल सुकाले लागली म्हनून पानी देल्लं.’ अहो, खाली पायाचा ठसा पाण्यानं भरतोय आणि वरून आणखी पाणी कशाला? वेल सुकते ती पाणी नाही म्हणून नव्हे. मुळं कुजली, त्यांना पाणी ओढता येत नाही, म्हणून सुकते.

खात्री करायची असेल तर सकाळी मळ्यात जा. उन्हानं मलूल झालेली वेल रात्रीतून सावरते. माती ओली असून सकाळीही पानं लोंबलेली असतील, त्यांची चकाकी गेली असेल, ती पिवळी पडत असतील, तर बुंध्याजवळची माती हातानं बाजूला करा. जमिनीलगतचं खोड काळपट, पाणी भरल्यासारखं दिसेल. नखानं खरवडलं की साल सुटते आणि कुजका वास येतो. हीच मर.

ही मर लावणारा जीव म्हणजे फायटोफ्थोरा. तो पानवेलीला सोडत नाही, काळ्या मिरीला सोडत नाही, आणि पिंपळी त्यांच्याच कुळातली. आपल्याकडे ही दुखणी नवी नाहीत. जहांगीर फरदूनजी दस्तूर या पारशी शास्त्रज्ञानं 1913 साली एरंडीवरच्या अशाच एका जिवाला ‘फायटोफ्थोरा पॅरासिटिका’ हे नाव दिलं, आणि पुढे 1935 साली मध्य प्रांतातल्या पानवेलीच्या रोगांवर लिहिलं. वऱ्हाड तेव्हा त्याच प्रांतात होता. म्हणजे आपल्या आजोबांच्या काळातही मळे याच दुखण्यानं बसत होते. या जिवाची खोड एवढीच लक्षात ठेवा: त्याचे बीजाणू पाण्यात पोहतात. साचलेल्या पाण्यातून ते या वेलीवरून त्या वेलीवर जातात आणि वाहत्या पाण्यातून या मळ्यातून त्या मळ्यात. पूर्णा खोऱ्यातल्या भारी काळ्या जमिनीत पाणी लवकर मुरत नाही, तिथे तर त्याला मोकळं रान मिळतं.

आता तुमच्या आवडत्या औषधांकडे येतो. दुकानातून पहिली पुडी येते ती कार्बेन्डाझिमची. पैसे गेले. फायटोफ्थोरा ही खरी बुरशीच नव्हे, तिच्यावर कार्बेन्डाझिम चालत नाही. दुसरी पुडी स्ट्रेप्टोसायक्लिनची. ते जिवाणूंवरचं औषध, त्याचा इथे संबंध काय? मग कुणीतरी हिंगाचं पाणी सोडतो, कुणी ताक ओततो, कुणी हिरवेपणा यावा म्हणून मूठभर युरिया टाकतो. त्यातला युरिया सर्वांत घातक. लुसलुशीत कोवळी वाढ रोगाला आयती मिळते. टॉनिकच्या बाटल्यांबद्दल मी बोलत नाही, कारण मुळंच नसलेल्या वेलीनं टॉनिक प्यावं कुठून?

करायचं ते असं. मळ्याच्या उताराच्या बाजूनं चर काढा, वाफ्याच्या तळापेक्षा वीतभर तरी खोल, आणि त्याचं तोंड दुसऱ्याच्या मळ्याकडे नको. आधाराच्या झाडांच्या फांद्या छाटून वारा आणि थोडं ऊन आत येऊ द्या. उन्हाळ्यात हवी असलेली दाट सावली झडीत घात करते. बुंध्याला टेकलेला पालापाचोळा दूर सारा. ओल्या जमिनीत खुरपी चालवू नका, मुळांना जखम झाली की रोगाला दारच उघडलं.

औषधांत माझा भरवसा बोर्डो मिश्रणावर, एक टक्क्याच्या. एक किलो मोरचूद पन्नास लिटर पाण्यात, एक किलो कळीचा चुना विरवून दुसऱ्या पन्नास लिटर पाण्यात. भांडी प्लास्टिकची, लोखंडाची किंवा जस्ताची नकोत. दोन्ही पाणी एकाच वेळी तिसऱ्या पिंपात ओतायचं आणि काठीनं ढवळत राहायचं. मग घासलेला लोखंडी विळा क्षणभर बुडवून पाहा. पात्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी आहे, चुन्याची निवळी आणखी घाला. हे मिश्रण त्याच दिवशी संपवायचं. उरलेलं दुसऱ्या दिवशी वापरणारे मला दरवर्षी भेटतात आणि ‘बोर्डोचा गुण येत नाही’ म्हणून सांगतात. बुंध्याभोवतीची माती वीतभर खोल भिजेल अशी आळवणी करा, पाऊस असेपर्यंत महिन्यातून एकदा. फवारणीला अर्धा टक्का पुरे. ही सगळी खटपट अजून धड दिसणाऱ्या वेलींसाठी आहे. पूर्ण कुजलेल्या वेलीला औषध नाही.

ती कुजलेली वेल मुळासकट, आसपासच्या मातीसकट उपटा आणि मळ्याबाहेर नेऊन जाळा. अंजनगावच्या बाजूला एका शेतकऱ्यानं असल्या वेली उपटल्या खऱ्या, पण बांधावरून सरळ पाटात टाकल्या. खालच्या अंगाला त्याच्या चुलतभावाचा मळा होता. तिथे रोगाचं नावही नव्हतं, आणि पोळ्यापर्यंत पाटाकडच्या सगळ्या ओळी बसल्या. दोघांची बोलचाल अजून बंद आहे म्हणतात. त्या भावानं पुढच्या वर्षी बेणं आणलं तेही रोगट मळ्यातूनच, स्वस्त मिळालं म्हणून. त्याला मी काय बोललो ते इथे छापण्यासारखं नाही.

ट्रायकोडर्मा चांगला, पण त्याची वेळ चुकते. मोरचुदाच्या आळवणीबरोबर तो टाकला तर तोच मरतो. मध्ये निदान पंधरा-वीस दिवस जाऊ द्या, मग एक किलो ट्रायकोडर्मा शंभर किलो चांगल्या कुजलेल्या शेणखतात मिसळून, ओलसर ठेवून, बुंध्याभोवती द्या. ताज्या शेणात नको.

मेटॅलॅक्झिलयुक्त औषध फायटोफ्थोरावर चालतं, हे खरं. पण तेच ते वारंवार ओतलं की रोग त्याला दाद देईनासा होतो. आणि वेलीवर पिंपळ्या धरल्या असतील तेव्हा हात आवरा. हा माल त्रिकटूत जातो, सितोपलादीत जातो, लहान लेकरांच्या खोकल्याला मधातून चाटवला जातो. औषध कारखाने अवशेष तपासून माल परत पाठवतात, तेव्हा व्यापारी भाव पाडतो आणि नाव सगळ्या तालुक्याचं खराब होतं.

निदानाबद्दल शंका असेल तर नमुना अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात किंवा जवळच्या कृषी विज्ञान केंद्रात न्या. पार वाळलेली वेल नेऊ नका, तिच्यावर नंतर आलेल्या दहा बुरश्या सापडतील आणि मूळचा चोर नाही. नुकतीच मलूल झालेली, अर्धी जिवंत वेल मुळासकट आणि ओंजळभर मातीसकट घ्या. प्लास्टिकच्या पिशवीत नको, वर्तमानपत्राच्या कागदात गुंडाळा आणि त्याच दिवशी पोचवा. सोबत चिठ्ठीत लिहा की पाणी शेवटचं कधी दिलं होतं. खरं लिहा.