बुरुजाचा खर्च

शास्त्रभाग : लूक १४:२८-३०, २ तीमथ्य ४:१३

धार जिल्ह्यातील पीथमपूरच्या कारखान्यात नोकरी करणारा चाळिशीचा एक अभियंता डोळ्यांपुढे आणा. दिवसा यंत्रे, रात्री संगणकावर पुढील शिक्षण. आयआयटी व भारतीय विज्ञान संस्था चालवीत असलेल्या एनपीटीईएलच्या अभ्यासक्रमात नाव घालण्यास पैसे पडत नाहीत. मग तो फुकट आहे काय? बारा आठवडे दर आठवड्याला स्वाध्याय, आणि प्रमाणपत्राची परीक्षा बहुधा शनिवारी किंवा रविवारी!

शिकण्यात गैर काही नाही. पौलाने बंदिवासातही ग्रंथ व चर्मपत्रे मागविली. पंडिता रमाबाईंनी चाळिशीनंतर, केडगावच्या मुक्ति मिशनचा भार वाहत, मूळ हिब्रू व ग्रीकवरून बायबलचे मराठी भाषांतर केले. १९२२ साली प्रभूकडे जाण्यापूर्वी ते पुरे केले.

परंतु बुरूज बांधणाऱ्याने आधी बसून हिशेब करावा, असे प्रभू शिकवितो. येथे खर्च पैशाचा नव्हे, वेळेचा आहे. पत्नीचा, मुलांचा व प्रभूच्या दिवसाचा वेळ न विचारता उचलला, तर तो बुरूज दुसऱ्यांच्या पैशाने बांधल्यासारखा होतो. म्हणून नाव घालण्यापूर्वी पतिपत्नींनी सप्ताहाचे तास कागदावर मांडावेत व परीक्षेची तारीखही पाहावी. तास कमी भरले, तर चार आठवड्यांचा लहान अभ्यासक्रम घ्यावा. लहान पण पुरा झालेला बुरूज बरा.

विचारासाठी प्रश्न :
१. माझ्या अभ्यासाची किंमत घरात कोण देत आहे?
२. त्याला मी विचारले आहे काय?